ओळखीतला भाव

दिवाळीनंतरच्या शनिवारी तो दुकानात आला. काखेत लॅपटॉप, आणि चेहऱ्यावर तापलेलं बाळ दवाखान्यात आणलेल्या बापासारखी काळजी.

"चालूच होत नाही. नुसता टीं-टीं करतो."

मी मागचं झाकण उघडलं, रॅमची पट्टी काढली आणि तिची सोनेरी टोकं खोडरबरानं हलकेच घासली. पट्टी परत बसवली. स्क्रीन उजळली.

"झालं? खोडरबरानं?"

"का, कमी वाटतंय? हातोडी आणू?"

तो हसला. डोळे आधी हसायचे त्याचे, ओठ मागून यायचे... हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, आणि मी उगाचच स्क्रूड्रायव्हर पुसायला घेतला.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये पितांबरभाऊंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मी, यावलची दिपमाला, तिथं तीन वर्षं काउंटर सांभाळत होते. तो अखिल. धुळ्याच्या पाचव्या गल्लीतल्या कापड दुकानदाराचा मुलगा, जळगावात एका शेअर ब्रोकरकडे नोकरीला.

"आठ जीबीची अजून एक पट्टी टाकून द्या," तो म्हणाला. "काय भाव?"

भाव चोवीसशे होता. माझ्या तोंडून निघालं, "बावीसशे. ओळखीत."

"पण आपली ओळख कुठे आहे?"

"आत्ता झाली ना."

दोनशे रुपये माझ्या कमिशनमधून गेले. मला ते गेल्यासारखे वाटलेच नाहीत.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. लॅपटॉप नव्हता. "आठ जीबीचा आजचा भाव?" एवढंच विचारलं, खिशातल्या छोट्या वहीत आकडा लिहिला, चहा घेतला, गेला. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

पितांबरभाऊ शिंदखेड्याकडचे. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "दिपा, त्या पोऱ्याना लॅपटॉप ते बठ्ठा चांगला शे. मंग दर शनिवारे कसाले येस तो?"

लॅपटॉप ठणठणीत असताना तो दर शनिवारी का येतो, हे मलाही हवंहवंसं कोडं होतं. एका शनिवारी मी विचारलंच.

"मेमरी, म्हणजे हीच रॅम, बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीचे शेअर घेतलेत मी," तो म्हणाला. "माझी सगळी बचत. ऑफिसात सगळे मला मेमरीवाले म्हणून चिडवतात. पण मला वाटतं, ही तर सुरुवात आहे. आता यंत्रं विचार करायला लागलीत. त्यांना लक्षात ठेवायला जागा नको? आणि ती जागा बनवणाऱ्या कंपन्या जगात बोटावर मोजण्याइतक्या."

"आमच्या केळीचंही असंच असतं. भाव चढला की सगळं गाव केळी लावतं. मग घडाला कुणी विचारत नाही."

"केळी किती दिवसांत येते?"

"बारा महिने धरा."

"चिपचा कारखाना उभा राहायला तीन-चार वर्षं लागतात." त्यानं पेन माझ्याकडे रोखलं. "तोपर्यंत जुनी बाग ज्याची, भाव त्याचा."

"आणि लोकांनी घेणंच थांबवलं तर?"

"म्हणून तर इथं येतो. बातम्यांत सगळं चढलेलंच असतं. गिऱ्हाईक खिशात हात घालतं की नाही, ते काउंटरवरच कळतं. पप्पांनी शिकवलंय."

म्हणजे भावासाठीच येतो... मला जरा थंडी वाजल्यासारखं झालं. जानेवारीच होता म्हणा.

खरी गोष्ट मात्र वेगळी होती. दर सोमवारी मुंबईच्या डीलरची यादी मोबाईलवर यायची आणि दर सोमवारी रॅम वर सरकायची. तीन हजार. छत्तीसशे. साडेचार हजार. गिऱ्हाइकं कुरकुरत, पण घेत. अखिलला मात्र मी सांगायचे — बावीसशे... बावीसशेच... फार तर तेवीसशे. एकदा ओळखीतला भाव सांगितला, आता दुप्पट कसा सांगायचा? आणि एक वेडी भीती — महाग सांगितलं, तर हा यायचा थांबेल. पट्टी घेतलीच असती त्यानं, तर फरक पगारातून भरायची माझी तयारी होती. त्यानं घेतली नाही. फक्त भाव लिहिला.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी तो आला तेव्हा वही खिशातच राहिली.

"सोमवारी सगळे शेअर विकतोय," काउंटरच्या काचेवर बोट फिरवत तो म्हणाला. "पप्पांनी वर्षभराची मुदत दिली होती. म्हणाले, तुझा अंदाज धरून बस, चुकला तर आपल्या दुकानात ये. चुकलाच. बातम्या काही म्हणोत, जळगावात तीन महिने भाव हललेला नाही. म्हणजे मागणीच नाही... पुढच्या आठवड्यात धुळ्याला जातोय. कायमचा."

माझ्या हातातली कीबोर्डची कळ खाली पडली. ती शोधायला वाकले आणि तिथंच क्षणभर बसून राहिले. खरं सांगितलं, तर त्याला वाटणार — मी थांबावं म्हणून ही भाव फुगवतेय. नाही सांगितलं, तर त्याचा विश्वास माझ्या खोट्यावर विकला जाणार.

उठले. मोबाईलमधल्या सोमवारच्या सगळ्या याद्या उघडल्या आणि फोन त्याच्यासमोर ठेवला.

"हे खरे भाव. मी सांगत होते ते... नव्हते."

तो वाचत गेला. बोट वर सरकत होतं. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"साडेचार हजार?" शेवटी तो म्हणाला. "आणि लोक घेतात?"

"काल सात पट्ट्या गेल्या. तुमचे शेअर पुढे काय करतील ते मला नाही कळत. मला फक्त काउंटर कळतं. आणि त्याचंच मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"का?"

"महाग सांगितलं असतं... तर आला असता?"

त्यानं वर पाहिलं. डोळे आधी हसले.

"दिपमाला, भाव एका दुकानात विचारून कुणी ठरवतं का? निदान तीन काउंटर फिरायचे असतात. पप्पांनी तेही शिकवलंय." त्यानं वही काढून माझ्यासमोर उघडी टाकली. "बघ. तीन महिने... एकच दुकान."

मी बघितलं नाही. बघता आलंच नाही, डोळ्यांत पाणी आलं होतं. तो 'बघा' नाही, 'बघ' म्हणाला होता.

मी माल विकतेय की फुकट वाटतेय, असं विचारत आतून पितांबरभाऊंचा आवाज आला, "पोरी, माल इकस का सदावर्त चालाडस?"

अखिलनं तिथंच वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. मोहनलालशेठ. पलीकडे कापडाचा गठ्ठा आपटल्याचा आवाज.

"पप्पा, विकत नाहीये. भाव चुकीचा लिहिला गेला होता. निम्म्यानं कमी."

ते मारवाडीत काहीतरी म्हणाले. मला एवढं कळलं — निम्म्यानं कमी भाव दोघंच सांगतात. दुकान बंद करायला निघालेला, नाहीतर घरचं माणूस.

अखिल माझ्याकडे बघत होता. "दुकान जोरात चालू आहे, पप्पा."

पलीकडे गठ्ठे आपटायचे थांबले. मग मराठीत, सावकाश प्रश्न आला, "कांदा-लसूण खाते का?"

अखिलनं मान हलवून मला खुणावलं — नाही म्हण. सोपं होतं. गोड, स्वस्त, ओळखीतलं उत्तर.

मी फोनजवळ वाकले. "खाते, काका. भरीत असलं की जरा जास्तच."

अखिलनं डोळे मिटून घेतले.

फोनमधून आधी खोकला आला, मग हसू. "बरं. हा भाव खरा सांगितला हिनं," मोहनलालशेठ म्हणाले. "रविवारी घेऊन ये घरी."