थांबलेली तबकडी

पोरांनो, हा माणूस माझ्या चांगल्या परिचयातला. औषधांचं दुकान चालवतो, आणि पाकिटावरची तारीख दोनदा वाचल्याशिवाय गोळी कुणाच्या हातावर ठेवत नाही. तेव्हा त्याच्या सांगण्यात पदरचं फारसं काही नसावं, असं मी धरून चालतो.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्री पावणेबाराला तो दुकानातली रिकामी खोकी घेऊन वरच्या खोलीत गेला. खोली त्याच्या थोरल्या बहिणीची. ताई उन्हाळ्यात गेली आणि मागं राहिल्या भिंतभर गाण्यांच्या तबकड्या, जन्मभर जमवलेल्या. शेवटच्या आजारात तिनं त्याच्याकडे एकच मागितलं होतं.

"विकायच्या तर विक, पण फोडू नकोस रे. सगळ्या एकत्र राहू देत."

त्यानं मान डोलावली होती. पण लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येणार होती, खोली हवी होती, आणि गिऱ्हाईक म्हणत होतं, चांगल्या तेवढ्या नेतो, उरलेल्या भंगारात घाला. सकाळी ते येणार होतं. बायकोनं दिल्या शब्दाची आठवण करून दिली, तेव्हा तो हसून म्हणाला होता, ताईनं आयुष्यभर माझा कान धरला, आता तरी सोडेल की.

अशा कथांमध्ये मृत व्यक्ती बहुधा काही मागण्यासाठी येते. इथं मागणं आधीच झालं होतं, हे ध्यानात असू द्या. शिवाय बाहेर लख्ख चांदणं होतं. भुताच्या गोष्टीला तसं गैरसोयीचंच.

चांगल्या एका खोक्यात, टाकाऊ दुसऱ्यात, अशी वाटणी होत आली. शेवटची तबकडी कोणत्या खोक्यात घालावी हे ठरेना, म्हणून कडांना धरून त्यानं ती रेकॉर्डप्लेअरवर ठेवली आणि सुई टेकवली. कुणा गायिकेचा स्वच्छ आवाज. एक कडवं झालं. मग सूर ओढल्यासारखा लांबला. जाड झाला. पुरुषी झाला.

थांबला.

रेकॉर्डप्लेअरची मोटर बिघडली असेल, असं तुम्ही म्हणाल. त्यालाही तेच वाटलं. तो वाकला.

खालची थाळी फिरत होती.

तबकडी फिरत नव्हती.

त्यानं बोटानं ढकलली. हलली नाही. जोर लावला. नाही. कुणी धरून ठेवावी तशी...

"ताई?"

...

खोलीत कुणी नव्हतं. कुणी असल्याची चाहूलही नव्हती. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"नाही फोडत," तो कसाबसा म्हणाला. "सगळ्या एकत्र ठेवतो."

तबकडी सावकाश फिरू लागली. आवाज पातळ होत होत पुन्हा बाईचा झाला, आणि ओळ तुटली होती तिथूनच पुढं गेली.

सकाळी त्यानं गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवलं. सगळा संग्रह दुकानाच्या मागच्या फळ्यांवर, खोकल्याच्या औषधांशेजारी हलवला. सर्वांत शेवटी थाळीवरची ती तबकडी उचलली. वरची बाजू स्वच्छ होती. त्यानं ती उलटी केली.

पाचही बोटांचा, ओल्या तळव्याचा ठसा. त्यानं आपला हात त्या ठशावर धरून पाहिला. त्याचा तळवा बराच मोठा निघाला.

आणि ती बाजू तर रात्रभर थाळीला टेकलेली होती.