ब्रेकला तेल लावू नये

"सरका! सरका! ब्रेक लागत नाहीत... अहो, सरका ना!"

डोंगराखालच्या अस्नी गावच्या शनिवारच्या बाजारात ओरडणाऱ्यांना काही तोटा नसतो. गाजरवाला ओरडतो, मेंढ्यावाला ओरडतो, मेंढ्याही ओरडतात. म्हणून मी मान वर केली नाही. हातात पंक्चर झालेलं चाक होतं, डोक्यावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर पावसाची भुरभुर चालली होती. मान वर केली तेव्हा उशीर झाला होता. लाल स्वेटर, काळी सायकल आणि दोन भलेमोठे घाबरलेले डोळे उतारावरून थेट माझ्यावरच येत होते!

मी बाजूला उडी मारली. त्याला आमच्या जुन्या टायरांच्या ढिगाने झेललं. तो एकदा वर उडाला आणि पुन्हा टायरांत पडला.

"लागलं का?"

"नाही," तो पडल्या पडल्याच म्हणाला. "मिस्त्री कुठे आहेत?"

"समोर उभी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या हातांकडे, मग हातातल्या पान्याकडे. "हे उस्ताद हम्मूंचं दुकान ना?"

"त्यांचंच. ते माझे बाबा. त्यांना आता बारीक स्क्रू दिसत नाहीत, म्हणून ते चहा करतात आणि मी सायकली. उठा आधी, ते टायर विकायचे आहेत."

सायकल उलटी टांगली. वापरलेली होती, पण जातिवंत डोंगरी सायकल होती. पुढे शॉकर, रुंद हँडल, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. मी ब्रेकच्या चकतीवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. माझा विश्वासच बसेना.

"हे ऑलिव्हचं तेल आहे."

तो स्वेटरचा चिखल झटकायला लागला.

"जेवायचं तेल! ब्रेकला! कोणी लावलं?"

"मी," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. "म्हणजे... जरा चमक यावी म्हणून."

बाबा किटली ठेवून हसायला लागले. "मीठ आणलं असतंस पोरा, तर पाव बुडवून खाल्ला असता."

हा इद्दर. वरच्या तेलघाण्याचा धाकटा मुलगा. ऑलिव्हच्या हंगामात डोंगरावरच्या गावांना घाण्यावरची पाळी कळवायचं काम त्याच्याकडे. वर फोन लागत नाही आणि खेचराला अर्धा दिवस लागतो, म्हणून त्याने ही सायकल घेतली होती. घेतली आणि तेलात घोळवली!

चकत्या मी स्पिरिटने पुसल्या, पॉलिश पेपरने घासल्या. पण पॅड तेल प्यायले की संपले. ते काही धुऊन सुधारत नाहीत. माझ्याकडे पॅडचा एकच नवा संच होता आणि तो मी एका खास दिवसासाठी जपून ठेवला होता. शेवटी माझ्या सायकलचे अर्धे झिजलेले काढून त्याला दिले आणि नवे मी लावून घेतले. सगळ्या खोऱ्यात आता एकही जादा पॅड उरला नाही.

"शुक्रिया, मअल्लमा," जाताना तो म्हणाला. मअल्लमा म्हणजे कारागिरीण, कामात मुरलेली. आमच्याकडे हा शब्द फुकट मिळत नाही. मला बाजारात आजवर कोणी तसं म्हटलं नव्हतं. लोक 'हम्मूची पोरगी' म्हणायचे. मी मान खाली घालून उगीचच एक घट्ट बोल्ट पुन्हा घट्ट केला.

पुढच्या शनिवारी तो आला. सीट हलत होतं.

त्याच्या पुढच्या शनिवारी चाकाची एक तार सैल झाली होती. मी ती तार बघितली, त्याच्याकडे बघितलं. तारेच्या टोकावर पान्याचा ताजा, लखलखीत ओरखडा होता.

"ही आपोआप सैल झाली?"

"रस्ते फार खराब आहेत..."

"हो का? रस्त्याकडे पानाही आहे वाटतं."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्त मिटतो. हे मला नको असताना दिसलं आणि मग आठवडाभर दिसत राहिलं. खोटं कशाला बोलू, बाटली अडकवायच्या स्टँडचा खालचा बोल्ट मी पहिल्याच दिवशी थोडा सैल सोडला होता. कुणाच्या जिवाला धोका नाही, नुसता खुळखुळ वाजतो. पण पठ्ठ्याने एकदाही तक्रार केली नाही!

चौथ्या शनिवारी बाबा मेंढीचा रस्सा आणायला गेले होते. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून इद्दर म्हणाला, "तूदा, एक सांगू? ते तेल मी लावलं नव्हतं."

"मग?"

"आईने. आमच्या घरची रीत आहे. नवं काही घरात आलं की आई हंगामातल्या नव्या तेलाचं एक बोट त्याच्या कपाळाला लावते. बाळ आलं, लावलं. खेचर आलं, लावलं. दार बसवलं, त्यालाही लावलं. आणि... घरात नवी सून येणार असली की तिला." तो घाईने पुढे म्हणाला, "सायकलचं कपाळ कुठे असतं ते तिला कळेना. म्हणून मग जे जे चमकत होतं त्या सगळ्याला लावलं."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. "मग बाबांसमोर स्वतःवर कशाला घेतलंस?"

"आईच्या आशीर्वादाने मी पडलो, हे तिच्या कानावर गेलं तर ती पुन्हा कशालाच तेल लावणार नाही. तिला फार आवडतं गं ते."

बाजार नेहमीसारखाच गजबजला होता. पण मला त्या क्षणी कळून चुकलं की माझं काही खरं नाही. सायकल दुरुस्त करता येते. हे दुरुस्त होणारं नव्हतं आणि मला ते व्हायलाही नको होतं.

आता तो खास दिवस. मराकेशच्या एका सहलींच्या कंपनीला आमच्या खोऱ्यात सायकल-गाईड हवा होता. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी चाचणी होती. खिंडीपासून गावापर्यंत त्यांच्या तीन माणसांना सुखरूप उतरवायचं, बस्स. मी त्यासाठी तीन वर्षं सायकल जमवत होते. सांगाडा एका डच पाहुण्याने टाकून दिलेला, शॉकर एका जर्मन बाईने जाताना भेट दिलेला, गिअर तीन मोडक्या गिअरांतून जुळवलेले. चहाच्या टपरीवर लोक म्हणत होते, पोरीची जात, पाहुण्यांना काय उतरवणार! मला उतरवून दाखवायचं होतं.

सायकल मला कळत होती, पण वरची वाट इद्दरला पाठ होती. मग दोन आठवडे आम्ही ती वाट पालथी घातली. तो पुढे, मी मागे. उतार लागला की मी पुढे, तो मागे. जुनिपरचा ओला वास, चाकांखाली करकरणारे खडे, ढगात मधूनच हरवणारा लाल स्वेटर...

"ब्रेकवर एकच बोट," मी कडेला उभी राहून त्याला शिकवत होते. "बाकीची हँडलला. वजन मागे. आणि चाकाकडे बघू नकोस. जिथे जायचंय तिथे बघ."

"तिकडेच तर बघतोय."

"इद्दर, मी वाटेवर नाहीये."

"तेच तर दुखणं आहे," तो म्हणाला आणि सरळ झुडपात शिरला.

झुडपातून बाहेर काढताना त्याने माझा हात धरला. बाहेर आल्यावरही सोडला नाही. काहीतरी बोलणार होता... "तूदा, मी..." आणि मग म्हणाला, "माझी साखळी जरा वाजते." मी कपाळावर हात मारला!

रविवार उजाडला तो लख्ख. खिंडीत बोचरा वारा होता. कंपनीची तीन माणसं आली होती. त्यांचा म्होरक्या सफ्वान, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मागे टपरीवरची रिकामटेकडी मंडळीही खेचरांवरून तमाशा बघायला आली होती. मी शेवटचा ब्रेक दाबून पाहिला. घट्ट, शांत.

एवढ्यात एका खेचरावरून जाडशी, हसऱ्या चेहऱ्याची बाई उतरली. मागे इद्दर सायकल ढकलत धावत होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ही ना ती? उस्ताद हम्मूची तूदा?" बाईने माझे दोन्ही गाल धरले. "मी इद्दरची आई, इज्जा. घरी दुसरा विषय नसतो बाई! म्हटलं, पोरगी एवढ्या मोठ्या कामाला निघाली, तिची सायकल कोरडी कशी जाईल?" आणि तिने कमरेच्या ओच्यातून एक छोटी बाटली काढली. हिरवंगार, ताजं तेल.

"आई, अगं थांब..." इद्दर म्हणाला.

"तू गप रे. स्वतःच्या सायकलला लावलं तेव्हा बोलला नाहीस ते!" तिने बोट बाटलीत बुडवलं आणि खाली वाकली. "कपाळ कुठलं म्हणायचं हिचं? ही चकती काय सुरेख चमकते! हिलाच लावते."

खोऱ्यात दुसरे पॅड नव्हते. तेलाचं एक बोट, आणि तीन वर्षांची मेहनत गेलीच म्हणायची. नको म्हणावं तर साऱ्या लोकांदेखत तिचा आशीर्वाद झिडकारल्यासारखं होणार. का नको ते सांगावं तर इद्दरने महिनाभर जपलेली गोष्ट उघडी पडणार, आणि ही हसरी बाई पुन्हा कधी कशाला तेल लावणार नाही. बोट चकतीपासून चार अंगुळांवर आलं होतं. मी इद्दरकडे पाहिलं. तो तोंड उघडणार होता. आईला सगळं सांगणार होता... माझ्यासाठी.

मी झटकन सायकल आणि तिच्या मध्ये गुडघ्यावर बसले.

"मावशी, सायकलला नको. मला लावा."

तिचं बोट हवेतच थांबलं. वारासुद्धा थांबला की काय असं मला वाटलं.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "आमच्या घरची रीत तुला ठाऊक नाही."

"ठाऊक आहे. इद्दरने सांगितलीय. बाळाला, खेचराला, दाराला..."

"आणि?"

"आणि चौथीही सांगितलीय." माझे कान तापले होते, पण मी मान खाली घातली नाही. "म्हणून तर म्हणतेय."

मागे कोणाची तरी सायकल धाडकन आडवी झाली. इद्दरचीच असणार.

इज्जामावशीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तिने माझ्या कपाळावर तेलाचं ओलं, गार बोट टेकवलं आणि अशी आरोळी मारली की खेचरं बिचकली. टपरीवाल्यांची तोंडं उघडीच राहिली. सफ्वानने घड्याळ बघितलं. "अभिनंदन. आता निघायचं का?"

निघाले! वाटेतलं प्रत्येक वळण मला माहीत होतं. निसरडे दगड मी आधीच ओरडून सांगत होते. ब्रेकवर एक बोट, आणि सायकल सांगू तिथे थांबत होती. कपाळावरचं तेल उन्हात तापून वास देत होतं. मला इतका आनंद झाला होता की मी एका वळणावर चक्क गायला लागले.

अर्ध्या वाटेवर सफ्वानने हात वर केला. "माझे गिअर पडत नाहीत. आपोआप बिघडले."

मी वाकून बघितलं. गिअरची वायर धरणारा बोल्ट सैल होता आणि त्याच्या कडेवर ताजा, लखलखीत ओरखडा. मला हसूच आवरेना. मुद्दाम केलेला बिघाड ओळखण्यात माझा हात धरणारं सगळ्या डोंगरात कोणी नव्हतं. महिनाभर दुसरं केलं काय होतं मी?

"हे आपोआप झालेलं नाही, साहेब. मघाशी पाणी प्यायला थांबलो तेव्हा तुम्ही केलंत. पाना तुमच्या उजव्या खिशात असेल."

सफ्वानने उजव्या खिशातून मुकाट्याने पाना काढून माझ्या हातात ठेवला. तो पहिल्यांदाच हसला. "आजवरच्या पाच उमेदवारांपैकी एकानेही ओळखलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी पहिला गट येतोय, मअल्लमा."

गावात उतरलो तर इद्दर आमच्या दुकानासमोर उभा. जवळच्या खेचरवाटेने धडपडत आला होता. केसांत काटे, गुडघ्याला चिखल. बाबा किटलीत पुदिना कोंबत होते. समोर आधीच चार ग्लास मांडलेले होते, म्हणजे बातमी आमच्याही आधी पोचली होती.

"फार घाई केलीस तू," इद्दर धापा टाकत म्हणाला. "मी आज संध्याकाळी विचारणार होतो. खरंच."

"कुठला बिघाड घेऊन येणार होतास?"

"कुठलाच नाही. नुसतं विचारणार होतो की... माझ्याशी लग्न करशील का?"

"कपाळ बघ की. दिसत नाही?"

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. डावा डोळा जरा जास्त मिटला. "मग आता शनिवारी मी कुठल्या निमित्ताने येऊ? सायकलमध्ये बिघाडच उरला नाही."

"उरलाय. बाटलीचा स्टँड. पहिल्या दिवसापासून खुळखुळतोय."

"तो होय? ते मला माहीत आहे. तो तू सैल सोडलायस."

मी थक्क झाले. "माहीत होतं? मग कधी बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू घट्ट केला असतास," इद्दर म्हणाला. "डोंगर उतरताना रोज तो वाजायचा, तूदा. मी तुझंच बोलणं समजून ऐकायचो."