चोरलेल्या पानाचे शनिवार

“चोरलंत ना?”

तायाचा हात हवेतच राहिला. चिमटीत व्हायोलेटचं एक लवदार पान, आणि टेबलापलीकडे एक उंच, दाढी वाढलेला माणूस. रशियातल्या यारोस्लाव्लच्या वाचनालयात व्हायोलेटचं प्रदर्शन भरलं होतं, बायकांची ही झुंबड, आणि सापडली नेमकी तीच!

“मी... म्हणजे... खाली पडलं होतं.”

“हो का? मग देठ अजून ओला कसा?”

तायाचे कान लालबुंद झाले. आता या बाबाला कोण समजावणार? विकतचं पान रुसून बसतं आणि चोरलेलं हमखास मुळं धरतं, हे व्हायोलेटवाल्या बायकांत शेंबडं पोरही सांगेल. चांगल्या घरच्या बायका पर्सची चेन उघडी ठेवून टेबलाजवळून फिरतात, आणि झाडाची मालकीण समजून उमजून पाठ फिरवते. पण इथे मालक बसला होता, आणि तो पाठ फिरवायचं सोडून चक्क हसत होता.

“राहू दे, घ्या,” तो म्हणाला. “आईचं झाड आहे. ती उन्हाळ्यात गेली. तिच्या मैत्रिणींनी मला इथे आणून बसवलंय, पण मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, मला यातलं ओ की ठो कळत नाही. फक्त... असलं झाड हे एकच आहे. या पानाला पिल्लं फुटली तर मला दाखवाल?”

आता कुठे तायाने फुलाकडे धड पाहिलं. पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येकीवर मधोमध जांभळा पट्टा. असल्या पट्टेदार व्हायोलेटचं पान लावून काही उपयोग नसतो. रोप येतं, पण फूल साधं, एकरंगी. पट्टे हवे असतील तर फुलाचा दांडाच रुजवावा लागतो. हे तिला पक्कं ठाऊक होतं हो! पण चोरताना फुलाकडे कोण बघतं? सगळं लक्ष मालकाकडे होतं.

सांगायला म्हणून तिने तोंड उघडलं, आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “दाखवीन की.”

असं का म्हणाली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

त्याचं नाव ग्लेब. तिथेच तिने त्याला पत्ता लिहून दिला. पुढच्याच शनिवारी तो दारात हजर! बूट काढून, टोपीवरचा बर्फ झटकत, हातात मधाच्या बिस्किटांचा पुडा. ताया चष्म्याच्या दुकानात कामाला होती, एकटी राहायची, आणि तिच्या खिडकीत दिव्यांखाली पेल्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक पेल्यात एक पान, वर पारदर्शक झाकण.

ग्लेब सरळ डावीकडच्या पेल्यापाशी गेला आणि वाकून बघत बसला. “छान दिसतंय. आईची आठवण येते बघा.”

ते भलतंच पान होतं. त्याच्या आईचं पान उजवीकडे, दुसऱ्या रांगेत होतं. सांगावं? पण एक सांगायचं तर दुसरंही सांगावं लागेल... ताया म्हणाली, “चहा घेणार?”

मग दर शनिवारचा पायंडाच पडला. काळा चहा, बेदाण्याएवढ्या आंबटगोड फळांचा मुरांबा, आणि ग्लेबच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गोष्टी. कधी तो म्हणायचा, “आज तुमचे डोळे थकलेत,” आणि लगेच, “पानाला उजेड पुरतो ना?” ताया रात्रभर विचार करायची. आधी डोळे म्हणाला, मग पान. म्हणजे काय समजायचं? एकदा चहाचा पेला घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली. की पेला गरम होता म्हणून? तिने स्वतः पेला धरून पाहिला. गरम होता खरा. अगदी वैताग आला तिला.

त्यात रिम्मा मावशी. मावशीचं एकच पालुपद. “तायुश्का, ही झाडं पुरुषांना घरात टिकू देत नाहीत! सगळं शहर सांगतंय. तुझा तो वादिम उगाच गेला का?”

“मावशी, वादिम दुसरी मुलगी भेटली म्हणून गेला.”

“ती का भेटली त्याला? तिच्या खिडकीत कोरफड होती! फेक ती कुंडी न् कुंडी.”

ताया हसायची. पण मावशी गेल्यावर झाडांकडे जरा संशयानेच बघायची. खरं सांगितलं तर हाही जाईल. नाही सांगितलं तर... पानाला पिल्लं तर फुटली होतीच; उन्हाळ्यात त्यांना साधी जांभळी फुलं येतील, आणि तेव्हा तर नक्कीच जाईल. पुढच्या शनिवारी सांगू, ती स्वतःला बजावायची. पुढचा शनिवार यायचा आणि ती चहा ओतायची.

फेब्रुवारीत, व्होल्गा नदी अजून गोठलेलीच होती, तेव्हा एका शनिवारी ग्लेब मुरांब्यात चमचा फिरवत सहज म्हणाला, “आईच्या झाडानं मान टाकलीय. पानं मऊ पडलीत, मधला भाग काळा झालाय. मी पाणी जरा जास्तच घातलं बहुतेक. पण आता काळजी नाही. पिल्लं तुमच्याकडे आहेत ना!”

तायाच्या हातातली किटली टेबलावर आदळली.

“दांडा आहे का? फुलाचा दांडा? एखादा तरी?”

“एक आहे. कळ्या आहेत त्याला. का?”

“कारण या पिल्लांना तुमच्या आईचं फूल येणार नाही!” तिला रडूच फुटलं. “पानातून पट्टे उतरत नाहीत. दांडाच लावावा लागतो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तुम्ही दर वेळी बघता ना, ते पानही तुमचं नाही!”

ग्लेब उठला. कोट चढवला, टोपी तशीच हातात धरली. “मग सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?”

दार लागलं. जिन्यात त्याची पावलं ऐकू आली, मग तीही विरली. ताया खिडकीपाशी बसून राहिली. गेलं. त्याच्या आईचं फूलही गेलं आणि तोही गेला, आणि यात झाडांचा काडीचा दोष नव्हता. दोष तिचाच होता. चहा गार झाला, बाहेर अंधारून आलं.

आणि बेल वाजली.

ग्लेबच्या भुवयांवर बर्फ होता. त्याने कोटाची बटणं सोडली, स्वेटरच्या आतून लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आत ओल्या कापसात एक फुलाचा दांडा, दोन कळ्या आणि त्यांच्या खाली दोन इवली हिरवी पानं.

“छातीशी धरून आणलाय. गारठला नाही ना?”

तायाने तो दोन्ही हातांत घेतला. मुळांना जोर मिळावा म्हणून कळ्या खुडल्या, दांडा ओल्या शेवाळात रोवला, वर झाकण घातलं. “जगेलच असं नाही,” ती म्हणाली. “नाही जगला तर माझ्यामुळे...”

“पाणी मी ओतलं, ताया. तू नाही.”

तू! तिने चमकून वर पाहिलं.

“रागावलो होतो,” तो म्हणाला. “अजूनही थोडा आहे. पण बसस्टॉपवर उभा राहिलो आणि म्हटलं, अरे गाढवा, ती पानं सगळी सारखीच दिसतात तुला. एक तरी ओळखता येतं का? मग दर शनिवारी तू बघत काय होतास?”

“काय बघत होतास?” तायाने विचारलं. आवाज अगदी बारीक.

“झाकणात तुझा चेहरा दिसायचा. मागे उभी राहून ओठ चावायचीस. मला वाटायचं, हिला मी नकोसा झालोय, भिडेखातर चहा देते. मी तरी काय समजायचं?”

“अरे देवा,” ताया म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. मग त्याने तिच्या गालावरचं पाणी पुसलं. बोटं रेंगाळली, आणि या वेळी जवळपास कुठेही गरम पेला नव्हता.

दांडा मात्र तसाच उभा होता. मार्च गेला, काही नाही. एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटला, तरी काही नाही. ग्लेब आता रोजच यायचा आणि बरोब्बर त्याच पेल्यापाशी वाकायचा. बोलून दाखवत नसे, पण तायाला कळायचं, आणि आत कुठेतरी कळ उठायची.

मे महिन्यात एके सकाळी रिम्मा मावशी कोबीचं सारण भरलेली पिरोगी घेऊन आली. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं, आणि उंबऱ्यातच थबकली. तायाच्या चपलांशेजारी हे एवढे मोठे पुरुषी बूट! अगदी घरचे असल्यासारखे ऐसपैस पडलेले.

“तायुश्का!” मावशी आनंदाने ओरडली. “फेकलीस ना गं एकदाची ती झाडं?”

खिडकीशी दोन डोकी एकमेकांना टेकली होती. झाकणाखाली, दांड्यावरच्या इवल्या पानाच्या बेचक्यात, मोहरीएवढा हिरवा कोंब फुटला होता, आणि ग्लेब श्वास रोखून कुजबुजत होता, “आई... बघ, आलं.”