चालकाशेजारची खिडकी

"आता हे लोक गाडी देणार आणि मी चार दिवस नुसता रस्ता बघणार," मी पुटपुटले. परक्या देशात आपली भाषा कुणाला कळतेय, या भरवशावर.

"माझंही तेच," मागून आवाज आला.

वळून पाहिलं, तर भाड्याच्या गाड्यांच्या त्या रांगेत एक उंच तरुण उभा. खांद्यावर आईची पर्स, हातात लायसन्स. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घरात गाडी चालवणारे तुम्ही एकटेच?" मी विचारलं.

"एकटाच. मागच्या सहलीत सगळ्यांनी समुद्र पाहिला. मी पुढचा ट्रक पाहिला."

मला खुदकन हसू आलं. माझं तरी काय वेगळं होतं? बाबांची नजर अधू झाली तेव्हापासून स्टिअरिंग माझ्याकडे. "माझी लेक असताना काळजी कसली," असं ते चारचौघांत सांगत आणि मी फुलून जाई. पण मागे आईबाबांच्या गप्पा रंगत, तेव्हा मी आरशातून त्यांचे तुकडे बघत "हं, हं" करे. या वेळी मला त्यांच्यासमोर बसायचं होतं. आम्हाला जायचं होतं त्या तळ्याकाठच्या गावाला ट्रेनही जात होती... पण बाबांचा हिरमोड कोण करणार?

"सांगून टाका ना," तो म्हणाला.

"तुम्ही सांगितलंत?"

"नाही..." तो ओशाळला. "बरं, पैज. दोघांनीही सांगायचं. जो कच खाईल त्याने कॉफी पाजायची."

धीर सुटायच्या आत मी बाकावर बसलेल्या बाबांकडे गेले. "बाबा, मला नाही चालवायची गाडी. मला तुमच्यासोबत खिडकीत बसायचंय."

बाबा सरकून मला जागा करत म्हणाले, "अगं, मला वाटायचं तुला आवडतं. आधी नाही का बोलायचं?"

"मी कधीची ट्रेनच म्हणतेय," आई म्हणाली.

पलीकडे तो अजून वडिलांसमोर घसाच खाकरत होता. शेवटी माझ्या बाबांनीच जाऊन त्याची सुटका केली. "तुम्हीही तळ्याकाठच्या गावालाच ना? आम्ही ट्रेनने निघालोय, चला की."

कॉफी त्याने पाजली. ट्रेनमध्ये दोन्ही घरं समोरासमोर बसली. आई हसताना डोळे मिटते, हे मला त्या दिवशी कळलं. बोगदा आला की बाबा बोलायचे थांबत आणि उजेडात तिथूनच पुढे सुरू करत. मी तृप्त होते. तो मात्र अंधारातही खिडकीकडेच बघत होता.

"बोगद्यात काय दिसतंय?" मी हळूच विचारलं.

"तुम्ही," तो म्हणाला. "काचेत."

गाव आलं तशी मी उगाचच हिरमुसले. आता कुठली भेट? तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "उद्या धबधब्याला ट्रेन नाही म्हणे. एकच मोठी गाडी भाड्याने घेऊ या?"

सगळ्यांच्या नजरा आम्हा दोघांवर.

"जाताना तू चालव, येताना मी," मी बोलून गेले – आणि जीभ चावली. 'तू' म्हणाले होते. त्याला ते आवडलेलं दिसलं.

सकाळी तो स्टिअरिंगवर, मी शेजारी. मागून बाबा म्हणाले, "अगं, काय सुरेख दरी आहे बघ."

मी "हं" म्हटलं. मान काही वळली नाही.

"दरी तुझ्या खिडकीत आहे," तो रस्त्यावरची नजर न काढता पुटपुटला.

"माहितेय."

"मग इकडे काय बघतेस?"

"मला आवडलंय ते," मी म्हणाले. "दरी येताना बघ तू. निवांत."

त्याचे कान लाल झाले. पुढचं वळण त्याने फार जपून घेतलं.

"येताना मी दरी बघेन, असं वाटतं तुला?"