भोंग्यावर शिजलेले डबे

"हाही गेला!" टिकलीने डब्यावर काठी मारली. ठब्!

चांगला डबा ठण् वाजतो, नासलेला ठब्. टिकलीची आत्या कारखान्यात तीस वर्षं नासपतीचे डबे वाजवत होती. तिचे कान असे, की बागेत अळीने फळाला तोंड लावलं तर तिला घरात कुरकुर ऐकू यायची!

यंदा मात्र दुकानांतून हजारो डबे फुगून परत आले. मॅनेजरसाहेब गरजले, "बाई, कान गेले तुमचे! हा ढीग निवडा आणि घरी बसा!"

"माझ्या हाताखालून गेले तेव्हा ठणठणीत होते," आत्या म्हणाली. ऐकतो कोण!

सुट्टीला आलेली टिकली आणि तिचे इथले दोस्त, चष्म्या आणि भोपळा, मग त्या ढिगाला भिडले.

"अरे, फुगलेल्या सगळ्यांवर दुपारचाच शिक्का!" चष्म्या ओरडला.

तिघे धावले भट्टीवर.

"काका, दुपारचे डबे किती वेळ उकळता?"

"जेवणाच्या भोंग्याला आत, परतीच्या भोंग्याला बाहेर," भट्टीवाले काका म्हणाले. "माझ्या आजोबांपासून हेच. तेव्हा या टेकडीवर नुसते दगड होते. लोकांनी नासपती लावली, तर फळांच्या भाराने टेकडी वीतभर खचली!"

"आणि घड्याळ?"

"भोंगा असताना घड्याळ कशाला?"

"पण काका," खाण्याच्या बाबतीत पक्का भोपळा म्हणाला, "साहेबांनी यंदा जेवणाची सुट्टी तासाची अर्धा तास केलीय ना! माझा बाबा घास तोंडात घेऊनच पळतो!"

काकांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे डबे अर्धकच्चेच बाहेर काढले मी! म्हणून ते दुकानात जाऊन नासले!"

आत्याला घेऊन सगळे साहेबांकडे गेले. ऐकून साहेबांचा चेहरा पडला. "शाबास रे पोरांनो! बाई, चुकलो मी."

"इथे नको. अंगणात, सगळ्यांसमोर म्हणा," आत्या म्हणाली.

साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. काकांनी तिघांच्या पाठी थोपटून लाल केल्या.

"मग उद्यापासून आत्या कामावर?" टिकलीने विचारलं.

साहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "आपला डबा आता कुठलंच दुकान घेत नाही. उद्यापासून कुणीच यायचं नाही."

टेकडीवर बागवाल्यांनी झाडं तोडायला घेतलीच होती. सगळे बाहेर पडले. आत्या मधोमध चालत होती, मान ताठ. येणारा-जाणारा तिला नमस्कार करत होता आणि मागे पहारेकरी फाटकाला साखळी घालत होता.