उजवीकडचा खिसा

"हा शर्ट तुम्हीच शिवलाय ना?"

मी मशीनवरून मान वर केली. दुकानाच्या दारात एक उंच तरुण उभा होता. हातात मी सकाळीच हॉटेलात पोहोचवलेला शर्ट आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू.

त्या एका शर्टावर आमचं दुकान टांगलेलं होतं. वयामुळे बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. बायकांचे कपडे मला येत होते, पण दुकान चालायचं ते पुरुषांच्या शर्टांवर. मी म्हटलं, मोबाइलवर शोधून शिकते. बाबा म्हणाले, व्हिडिओ बघून कुणी शिंपी होत नसतं. पण हॉटेलच्या वेटरांच्या बारा शर्टांचं काम मिळवलंस तर शब्द मागे घेईन. आधी नमुन्याचा एक शर्ट त्यांना पसंत पडायला हवा होता.

'शर्ट कसा शिवावा' असं शोधलं तर ढीगभर उत्तरं आली. कुणी नुसतं संगीतच वाजवी, कुणी नेमकी कॉलर आली की पुढे पळे. शेवटी एकजण सापडला — चेहरा नाही, फक्त दोन हात आणि एक शांत आवाज. बघणारे जेमतेम चाळीस. 'घाई नाही, इथे थांबवून करून बघा,' असं तो म्हणायचा आणि मी खरंच थांबवायचे. खाली 'शिंप्याची पोर' या नावाने शंका लिहायचे. शंका कितीही बावळट असो, दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. त्या अनोळखी हातांचे मी मनातल्या मनात रोज आभार मानत होते.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"खिसा बघा."

खिसा उजवीकडे होता. बटणं डावीकडे. पुरुषाचा शर्ट बायकांच्या बाजूने लागत होता, आणि जन्मभर बायकांचेच कपडे शिवलेल्या माझ्या हातांना ते खटकलंही नव्हतं. व्हिडिओत दिसलं तसं मी केलं होतं. माझे डोळे भरून आले.

"रडू नका... चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी समोरच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढतो. त्यात आरशासारखं सगळं उलटं येतं, हे हा शर्ट बघून कळलं. तुम्ही... शिंप्याची पोर ना?"

तो आवाज! मी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि ते लगेच ओळखले.

हॉटेलातले कपडे दुरुस्त करायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून नमुना तपासायला त्याच्याच हाती आला होता. मॅनेजरांनी अजून तो पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत वेळ होता. मी कापड पसरलं. शिवायचं तुम्हीच, मी फक्त बोलणार, असं त्याने बजावलं आणि शेजारी स्टूल ओढून बसला.

"घाई नाही," तो सवयीने म्हणाला.

"आज आहे," मी म्हटलं, तशी दोघांनाही हसू आवरेना.

चारच्या सुमारास बाबा आले. शर्ट उजेडात धरून त्यांनी कॉलरवरून बोट फिरवलं.

"कॉलर बसलीय. कुणी शिकवली?"

"यांनी."

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि स्वतःची खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. त्या खुर्चीवर ते कुणालाही बसू देत नसत.

काम मिळालं. दुकान राहिलं. बारावा शर्ट पोहोचवला त्याच दुपारी तो पुन्हा दारात उभा... अंगात तोच उलटा शर्ट! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काढा तो आधी, निदान खिसा तरी हलवून देते, असं मी म्हणू लागले.

"नको," तो म्हणाला. "पेन काढायला हात डावीकडे जातो. खिसा सापडत नाही... मग तू आठवतेस. दिवसातून वीस वेळा."

तुम्हीचं 'तू' झालं होतं. त्याचे आभार मानायला मी चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"एक शंका आहे," मी म्हटलं.

"विचार."

"दुकानात दोन मशीनं आहेत. बाबांचं रिकामंच असतं. त्याचं... काय करावं?"

या वेळी उत्तराला त्याने दुसरा दिवस लावला नाही. सरळ आत आला आणि बाबांच्या मशीनपाशी बसला.