पापणी

उजव्या डोळ्याची पापणी वर्षभरात दीड मिलिमीटर खाली आली होती. काचेपलीकडून पाहणाऱ्या पर्यटकांना ते कळलं नव्हतं. डॉ. मुजावरांच्या उपकरणाला कळलं, आणि त्यांनी कालिंदीला स्मारकावर बोलावून घेतलं.

बोगद्यात तिची आई, इंजिनिअर शर्मिष्ठा काटदरे, कळ दाबून, मान वर करून उभी होती. डोक्यावर हातभर उंचीवर कोसळती शिळा. खाणींची छतं थोपवायला ‘मंदकाल’ शोधला गेला होता. त्याच्या घेऱ्यात काळ इतका संथ वाहतो की आतला एक सेकंद म्हणजे बाहेरची साठ वर्षं. पंचावन्न वर्षांपूर्वी छत सुटलं तेव्हा शर्मिष्ठाने तो सुरू केला. पलीकडचे मजूर वाचले, ती घेऱ्यात राहिली. कालिंदी तेव्हा सहा वर्षांची होती.

शाळेची सहल आली. “पापणी न लववता उभे राहा रे!” गुरुजी ओरडले. इथली ती प्रथाच होती. “बाईंची लवली का मृत्यूसमोर?”

“लवतेय,” मुजावर हळूच म्हणाले. “चार-पाच वर्षांत डोळे गच्च मिटतील. चेहरा आक्रसेल. स्मारक समितीला तेच नकोय. मंदकाल हजारपट वाढवायचा म्हणतात. मग बाई कायमच्या निडर. फक्त तुमची संमती हवी.”

“आणि घेरा उघडला तर?”

“शिळा पूर्ण वेगाने येणार. ती झेलायला यांत्रिक हातांना टिचकीइतकाही वेळ नाही. दहात सहा वेळा झेलतील. पुढच्या वर्षी शिळा आणखी खाली, म्हणजे पाच वेळा.”

“यंत्रं सुधारू देत, असं मी वीस वर्षं म्हणतेय.”

“सुधारली. आता शिळा पुढे निघालीय, ताई.”

कालिंदी काठीवर रेलली. “आई माझ्याहून तीस वर्षांनी लहान. बाहेर आली तर मला मावशी म्हणेल.” ती हसली, मग थांबली. “डॉक्टर, तिला आत काय वाटत असेल?”

“तिच्यासाठी अजून एक सेकंदही झाला नाही. भीती आत्ता कुठे चेहऱ्यापर्यंत पोचतेय.”

“आणि हजारपट केलं तर?”

मुजावरांनी चष्मा काढून हातात धरला. “तर पोचतच राहील. हजारो वर्षं.”

रांगेतल्या एका मुलीचे डोळे पाणावले आणि मिटले. “हरली! हरली!” पोरं ओरडली. मुलगी ओशाळून खाली बघू लागली. याच काचेसमोर लहानपणी कालिंदीही दरवर्षी डोळे ताणून उभी राहिली होती.

तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

“घाबरू दे तिला,” काचेकडे बघत ती म्हणाली. “उघडा, डॉक्टर.”